लाभ, दोन, तीन, चार

दर वर्षी मिरग लागला की भोजराजच्या घरी शिट्टी वाजायची.

शिट्टी पिवळी, प्लास्टिकची. वरठीजवळच्या ज्या कारखान्यात भोजराज ठेकेदाराकडे कामाला आहे, तिथली. कारखान्यात दर तीन महिन्यांनी सराव होतो. भोंगा वाजतो. माणसं हातातलं काम टाकून मैदानात येतात, रांगेत उभी राहतात आणि एकेक जण आपला आकडा मोठ्याने बोलतो. शेवटचा आकडा हजेरीशी जुळला की सगळे परत कामाला. सात मिनिटांत आटोपतं. जे तिथे चारशे माणसांना जमतं ते घरातल्या पाच जणांना का जमू नये, असं भोजराजला वाटायचं.

पाच जण म्हणजे तो, त्याची बायको रिता, दहावीतली मुलगी डिंपल, वडील सोमाजी आणि आई बायजाबाई.

जमत नव्हतं.

गाव वैनगंगेपलीकडे, करडीच्या बाजूला. भोजराज रोज मोटारसायकलने पूल ओलांडून कामावर जायचा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस नदी चढली तेव्हा तो अलीकडच्या काठावर अडकला. पूल बंद, लाइट बंद, फोन बंद. आपली माणसं आहेत की नाहीत, हे त्याला दोन दिवस कळलं नाही. होती. शाळेच्या गच्चीवर, अर्ध्या गावाबरोबर, भिजत. म्हैस तेवढी गेली. पण ते दोन दिवस भोजराजच्या अंगातून काही गेले नाहीत.

आणि कागद गेले. सातबारा, आधार, पासबुक, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झाला. शेत बायजाबाईच्या नावावर. त्यामुळे मदतीच्या यादीसाठी चार महिने तिलाच भोजराजच्या मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याला जावं लागलं. कागदाशिवाय पुढे काही सरकत नव्हतं. एकदा खिडकीतला माणूस म्हणाला, "जुने कागद आना ना, बाई." ती म्हणाली, "पुरानं नेले, बापू. त्याले पावती मांगाची राहून गेली."

त्या हिवाळ्यात भोजराजने एक निळा ड्रम आणला. मांडीएवढा उंच, झाकणाला लोखंडी कडी, आत थेंब जाणार नाही असा. त्यात कागदांची पिशवी, टॉर्च, काडीपेटी, सोमाजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, दोर, फुटाणे आणि गूळ. झाकणावर डिंपलकडून मार्करने लिहून घेतलं: हात लावू नये.

महिनाभरात फुटाणे पाहुण्यांनी खाल्ले. दोर वासराच्या गळ्यात गेला. टॉर्च शेजारच्या भय्याजीने मासे धरायला नेला आणि सेल संपवून परत दिला. काडीपेटी देवापाशी सापडली.

"हे कोणी काढलं?" भोजराज ओरडायचा.

"घरातलंच त हाये, घरातच लागलं," रिता म्हणायची. "दुकानात कोन जाईल तुमच्या काडीपेटीसाठी?"

बायजाबाईचा मूळ ड्रमवरच राग होता. भरल्या घरात सामान बांधून ठेवायचं नसतं. सामान बांधतात ते घर सोडून जाणारे. "आफतीले पाट मांडून ठेवला पोरानं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "ये माय, बस माय, जेवून जाय."

सराव मिरगाच्या पहिल्या रविवारी. भोजराज अंगणात शिट्टी फुंकायचा. सगळ्यांनी दोन मिनिटांत घराबाहेर पडून शाळेच्या पडवीत पोचायचं. शाळा उंचावर. नदी समोरून येत नाही, हे त्याने सगळ्यांना दहा वेळा सांगितलं होतं. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि मागच्या धानाच्या बांध्यांमधून गावात शिरतं. लोक समोर नदीकडे बघत बसतात, पाणी पाठीमागून गुरांच्या कोठ्यात येतं. म्हणून शिट्टी वाजली की बघत बसायचं नाही. निघायचं.

डिंपल निघायची, पण मैत्रिणी बघतील म्हणून तोंडाला ओढणी बांधून. रिता निघायची, पण भाजी उतरवून. सोमाजी धोतर सावरत, काठी टेकत, "झालं काय? झालं काय?" करत यायचे. बायजाबाई यायचीच नाही. अंगणातल्या खाटेवर बसून ती सुपात तांदूळ निवडायची.

मग मोजणी. तिथेच खरी कटकट.

सोमाजींनी उभा जन्म खळ्यावर धान मोजलं. गावात कोणाचंही धान निघो, माप सोमाजींच्या हाती. आणि धान मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. रास मोजायला सुरुवात करायची ती लाभाच्या नावाने. साठ वर्षांत सोमाजींच्या तोंडाला पहिल्या जागी 'एक' ठाऊकच नव्हता.

"बाबा, माणसं आहेत, धान नाही," भोजराज म्हणायचा.

"मंग त अजून चांगलं म्हनाव," सोमाजी म्हणायचे. आणि भोजराजच्या छातीवर बोट टेकवायचे. "लाभ." घरात लाभ ज्याच्यामुळे येतो तो पहिला. मग स्वतःच्या छातीवर. "दोन." रिता तीन. डिंपल चार.

"आणि माय?"

खाटेवरून, दोनशे पावलांवरून, बायजाबाईला हे ऐकू येत नसे. पण घरी परतल्यावर तिचं उत्तर तयार असायचं. "मले मोजू नको. मानसं मोजली का घटतात. मी हाय तं हाय."

पहिल्या वर्षी भोजराजने वाद घातला. दुसऱ्या वर्षी ताट सारून उठला. तिसऱ्या वर्षी थकला. चार तर चार. निदान चार जण तरी दर वर्षी पडवीत येतात, आकडा दर वर्षी बरोबर येतो. त्याने हात टेकले.

फोनचा नियम मात्र त्याने सगळ्यांच्या गळी उतरवला. पुरात लाइट जाते, चार्जिंग होत नाही. म्हणून घरचा फोन बंद ठेवायचा. सम तासाला दहा मिनिटं चालू करायचा. आठ, दहा, बारा. २०२० मध्ये सगळ्यांचे फोन पहिल्या चार तासांतच मेले होते. हा नियम रितालाही पटला.

गेल्या वर्षीच्या भादव्यात तो दिवस आला.

आदल्या संध्याकाळी कोतवालाने दवंडी दिली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, काठच्या लोकांनी सावध राहावं. भोजराजने ड्रम उचलून पाहिला. जड होता. भरलेला आहे एवढं त्याला पुरलं. झाकण त्याने उघडलं नाही. पहाटे पाचला तो पहिल्या पाळीला निघाला. खाडा केला तर ठेकेदार नाव काढतो. पुलाखाली पाणी बरंच खाली होतं.

आठला पूल बंद झाला.

आठच्या फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "शिट्टी वाजव." फोनमधून त्याला शिट्टी ऐकू आली. डिंपल फुंकत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ती स्वतः होऊन तोंडात घातली होती.

पाळी सोडून तो पुलापाशी आला. सोबत जीवन होता. तोही त्याच कारखान्यातला, मोहाडीचा. पोलिसांनी दोर बांधला होता. पलीकडे पाणी आणि त्याच्या पलीकडे पाऊस. गाव दिसत नव्हतं. दोघे चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभे राहिले.

दहाला फोन लागला.

"पोचले काय सगळे?"

"पोचलो ना." रिताच्या मागे केवढा गलका. "मी जनावरं सोडाले थांबली होती. बाबा अन् डिंपल पायी आले. मायले अन् तुमच्या ड्रमले भय्याजीच्या ट्रॅक्टरवर बसवलं."

"मोजलं?"

"अवो, पाय ठेवाले जागा नाई अठी. बाया एका खोलीत, मानसं एका खोलीत..."

"मोज म्हणतो तर मोज!"

टपरीवाल्याने वळून पाहिलं.

"घ्या," रिता दुसऱ्या कोणाला तरी म्हणाली. "तुमच्या पोराले मोजून पायजे. पूर आला तरी यांची शाळा सुटली नाई."

मग सोमाजींचा आवाज. हळू, खळ्यावर बसल्यासारखा. "लाभ. दोन. तीन. चार. चार झाले, बापू."

भोजराजने डोळे मिटले. "ठीक. फोन बंद करा. बारा वाजता."

चहा गोड लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा आपण काही बरोबर केलं असं त्याला वाटलं. त्याची जीभ सैल झाली. ड्रमचं सांगितलं, फुटाण्यांचं सांगितलं, डिंपलच्या ओढणीचं सांगितलं. जीवन हसत होता.

"बाबा तर 'एक' म्हणतच नाहीत," भोजराज म्हणाला. "लाभ म्हणतात. छातीवर बोट ठेवून. दर वर्षी माझ्यापासून सुरू. लाभ म्हणजे मी."

जीवनने चहाचा घोट घेतला. "अन् आता कोनापासून सुरू केलं?"

"माझ्या..."

"तू त अठी हायेस ना बे."

भोजराजने बोटं दुमडली. लाभ, आपण. दोन, बाबा. तीन, रिता. चार, डिंपल.

घरात आज चार माणसं होती. आकडा चारच आला होता. पण मोजलेली माणसं तीनच होती, माय त्यात नव्हतीच.

त्याने फोन लावला. बंद. परत लावला. बंद. घड्याळात दहा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. त्याचाच नियम. त्याच्याच नियमाने तो फोन आता दीड तास कुलूपबंद होता, आणि पलीकडे तो नियम सगळे अगदी मन लावून पाळत होते. एरवी सांगितलेलं एक काम न करणारे लोक.

"कदाचित बायांच्या खोलीत असन," जीवन म्हणाला. "रितावहिनीले तेच वाटलं असन."

"असेल."

"बुढ्यानं नुसता पाढा म्हटला असन."

"तेच तर म्हणतो ना मी!"

मदतीचा नंबर त्याने पाठ केला होता. लाइन व्यस्त. पोलीस पाटलाचा लागला. "सगळे सुखरूप हायेत, यादी बनवून राहिलो," पाटील म्हणाले आणि ठेवून दिला. कोणाची यादी, कोणी मोजलेली? भय्याजीचा बंद. सरपंचांचा बंद. कारखान्याच्या भिंतीवर आठ नंबर लिहिलेले असतात, एक लागला नाही तर दुसरा. त्याने घरासाठी एकच ठेवला होता.

त्याने पुलाचा दोर उचलला. शिपायाने खांद्याला धरून मागे ढकललं. "कुठी जातेस? पानी दिसत नाई का?"

"माझी माय मोजायची राहिली."

शिपायाला ते वाक्य कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच.

अकरा वाजून वीस मिनिटांनी गोपीचंदचा फोन लागला. गोपीचंद ढिवर. त्याच्याकडे डोंगा आहे, लहानशी होडी. एरवी तळ्यात जाळं टाकतो. पुरात आधी त्याचीच आठवण होते, पूर उतरला की त्याचाच विसर पडतो.

"काय रे, शिट्टीवाले साहेब! तुझी फौज त वर हाये ना?"

"गोपी, माय घरात आहे."

"कोन म्हनते? ट्रॅक्टरवर पाह्यली ना मी."

"उतरली असेल. जाऊन बघ."

"कायले उतरन ते?"

"मला माहीत नाही. तू जा."

गोपीचंद हसायचा थांबला. "तुझ्या गल्लीत कंबरभर हाये. जातो."

मग बारा वाजायची वाट. भोजराज टपरीच्या बांबूला धरून उभा होता. आई का उतरली असेल हे त्याला खरंच माहीत नव्हतं. कोंबड्या? देव? सूप? त्याला तिचा राग येत होता. तीन वर्षं खाटेवरून उठली नाही. दोनशे पावलं चालली नाही. एक आकडा बोलू दिला नाही. पुढे आणखी काही मनात येऊ नये म्हणून तो रागच धरून बसला.

बाराला फोन लागला.

"रिता, माय कुठंय?"

"बायांच्या खोलीत..."

"बघितलं तू?"

मग ती धावत असल्याचा आवाज. मग हाका. "आत्या! अवो आत्या!" मग डिंपलची हाक. मग दुसऱ्या बायांच्या. कुठूनच उत्तर नाही. मग भय्याजी फोनजवळ येऊन सांगत होता की बुढी ट्रॅक्टरवर ड्रमला टेकून बसली होती, वळणावर 'थांब बापू, आलोच' म्हणाली आणि उतरली. त्याला वाटलं, पायी येते आहे.

"पप्पा," डिंपल फोनवर आली. रडत होती. "पप्पा, आम्ही ड्रम उघडला."

"ड्रमचं काय आता?"

"यात त मोहफुलं हायेत."

"काय?"

"अख्खा ड्रम. मोहफुलंच हायेत. कागद नाईत. काहीच नाई."

भोजराज खाली बसला. चिखलातच.

चैतात बायजाबाई पहाटे उठून मोहफुलं वेचून आणते. वाळवते. पावसाळ्यात त्यांना ओल लागते, बुरशी येते. घरात ओल न लागणारी एकच वस्तू होती. त्याने स्वतः आणलेली. आणि ड्रम भरून जड असला की पोरगा झाकण उघडून बघत नाही, हेही तिला ठाऊक होतं. कागद तिने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवले असणार. घरातल्या खाटेखाली.

ट्रॅक्टरवर ड्रमला टेकून बसली तेव्हा आत काय आहे हे सगळ्या गावात तिला एकटीलाच माहीत होतं. सांगितलं असतं तर पोरगा ओरडला असता. ओरडलाच असता. म्हणून ती कोणाला न सांगता उतरली.

फोनची दहा मिनिटं होऊन गेली. "बंद करू का, पप्पा?" डिंपलने विचारलं.

"नको," भोजराज म्हणाला. "नको बंद करू."

बारा वाजून चौदा मिनिटांनी फोनमध्ये गलका उठला. कोणीतरी ओरडलं, "डोंगा! गोप्याचा डोंगा!" मग रिताचा श्वास. मग बराच वेळ नुसता पाऊस.

"हायेत," रिता म्हणाली. "आत्या हायेत. डोंग्यात बसून हायेत. डोक्यावर पिशवी धरून."

जीवनने टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

गोपीचंदने मग फोनवर सांगितलं. बुढी घराच्या माळ्यावर चढली होती. धानाच्या ढोलीवर पाय ठेवून. पासष्ट वर्षांची बाई. गोपीचंदने हाक मारली तर वरून म्हणाली, "आधी हे धर." खताची पिशवी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. आत कागद. कोरडे.

पूल दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला.

भोजराज शाळेत पोचला तेव्हा बायजाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. अंगावर दुसऱ्या कोणाचं तरी लुगडं. मांडीवर पिशवी. ड्रम शेजारी. शाळेतली पोरं त्यातली मोहफुलं तोंडात टाकत होती.

तो काय बोलणार होता ते त्याने पुलापासून शाळेपर्यंत जुळवलं होतं. तो तिच्यासमोर उभा राहिला. तिने पिशवी पुढे केली.

"पाह्य. एक कागद भिजला नाई."

डिंपल म्हणाली, "आजी, हे सगळं पप्पाच्या मोबाईलमध्ये हाये. फोटो काढून. सरकारी ॲपवर पन हाये. कुठूनही काढता येते."

बायजाबाईने पोराकडे पाहिलं. "कवापासून?"

"तीन वर्षं झाली," भोजराज म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं होतं मी. सरावात."

"मले नाई सांगतलं."

"तू खाटेवर होतीस!"

"खाट काय नागपुरात होती?" बायजाबाई म्हणाली. "शिट्टी वाजवाले तोंड हाये तुले. सांगाले नाई."

सोमाजी काठी टेकत आले. पोरगा आला, आता मोजायचंच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी सवयीने बोट उचललं आणि भोजराजच्या छातीकडे नेलं. भोजराजने ते बोट धरलं. आईकडे वळवलं.

"मले मोजू नको," बायजाबाई म्हणाली.

"माय, तुला मोजलं असतं तर काल..."

"मोजली असती त घटली असती. नाई मोजली म्हून बसून हावो अठी."

"मग मला कसं कळणार तू आहेस का नाहीस?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की मोहफुलं खाणारी पोरंही थांबली. सोमाजींचं बोट अजून त्याच्या मुठीत होतं.

बायजाबाईने पिशवी ड्रमला टेकवून ठेवली.

"हाक मार," ती म्हणाली. "मी ओ देतो."

यंदा भोजराजने दोन ड्रम आणले. एक कागदांचा. एक मोहफुलांचा. घरच्या फोनमध्ये आठ नंबर घातले, पहिला गोपीचंदचा. मिरगाच्या पहिल्या रविवारी शिट्टी वाजली. डिंपल आली, ओढणी न बांधता. रिता आली. सोमाजी आले. लाभ, दोन, तीन, चार.

मग भोजराजने तोंडाशी हात धरून हाक मारली.

"माऽऽय!"

"ओ!"

आवाज खणखणीत होता. दोनशे पावलांवरून आला होता. घराच्या अंगणातून. खाटेवरून.

भोजराजने शिट्टी खिशात घातली आणि तिला आणायला निघाला.